बक्षीसपत्र की मृत्युपत्र: मानेवाडा रोडवरच्या एका घराचं प्रकरण

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, वय ७८. मानेवाडा रोडच्या आतल्या एका लेआउटमध्ये दीड हजार फुटांचा प्लॉट, त्यावर दोन मजली घर. प्लॉट १९८६ साली स्वतःच्या पगारातून घेतलेला, खरेदीखत गुरुजींच्या एकट्याच्या नावावर. लेआउट तेव्हा मंजूर नव्हता. पुढे गुंठेवारी कायद्याखाली नासुप्रने (नागपूर सुधार प्रन्यासने) तो नियमित केला आणि गुरुजींच्या नावाची आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आली. घरटॅक्सची पावती, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), सगळीकडे एकच नाव. नागपुरात इतके सरळ कागद फार घरांचे सापडत नाहीत.

खाली रस्त्याच्या बाजूला स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान, त्यामागे गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, बाई, यांच्या दोन खोल्या. वर धाकट्या मुलाचा संसार. दुकानही तोच चालवतो. मुलगी हिंगणा रोडला राहते, शिक्षिका आहे. थोरला वीस-बावीस वर्षांपासून डॅलसला. अमेरिकेचा नागरिक झालेला, हातात ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड. शिवाय काटोलजवळ चार एकर संत्र्याची बाग. ती गुरुजींच्या आजोबांपासून चालत आलेली.

प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये निघाला, थोरला सुटीवर आला तेव्हा. त्याचं म्हणणं स्पष्ट होतं: बाबांनी घराचा दस्त आताच करून टाकावा, म्हणजे पुढे कोणाला कोर्टाची पायरी चढायला नको. त्याच्या भीतीला कारण होतं. बाईंचे दादरला राहणारे भाऊ वारले, मृत्युपत्र व्यवस्थित होतं, तरी त्यांच्या फ्लॅटसाठी मुंबई उच्च न्यायालयात प्रोबेटचा, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याचा, अर्ज करावा लागला. एका चुलतभावाने कॅव्हेट, म्हणजे हरकत, टाकलं आणि तो अर्ज दावा होऊन बसला. मामेभावांची धावपळ थोरल्याने फोनवरून वर्षभर ऐकली होती.

कुटुंब माझ्याकडे सल्ल्याला आलं ते मसुदा घेऊनच. एका दस्तलेखकाने तो तयार करून दिला होता, शंभर टक्के रीतसर वाटावा असा. फक्त रजिस्ट्रीची तारीख घ्यायची बाकी होती, कारण थोरल्याचं परतीचं तिकीट जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचं होतं.

डॅलसचा नमुना

मसुदा इतका विचित्र का झाला हे कळण्यासाठी थोरल्याच्या डोक्यात काय होतं ते आधी बघायला हवं. अमेरिकेत माणूस गेला की त्याच्या एकट्याच्या नावावरचं घर बहुधा प्रोबेट न्यायालयातून जातं, मृत्युपत्र असो वा नसो. तो खर्च आणि विलंब टाळायला तिथे दस्तांचेच काही प्रकार रूढ झाले आहेत. नवरा-बायको दोघांच्या नावावर हयातदाराच्या हक्कासह घर ठेवायचं, म्हणजे एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक. किंवा घर मुलाला देऊन स्वतःकडे आयुष्यभराचा उपभोग राखायचा. तिसरा प्रकार म्हणजे मृत्यूनंतर हस्तांतर करणारा दस्त. मिसूरी राज्याने १९८९ मध्ये त्याला पहिल्यांदा कायद्याचा आधार दिला, नंतर बरीच राज्यं त्या वाटेने गेली, टेक्सासमध्ये तो १ सप्टेंबर २०१५ पासून लागू आहे. मालक जिवंत असेपर्यंत मालकी त्याचीच राहते, हवं तेव्हा तो दस्त रद्द करता येतो, आणि मृत्यूआधी कौंटी क्लार्ककडे नोंदवलेला असला की मालक गेल्यावर घर थेट नेमलेल्या माणसाकडे जातं.

थोरल्याने डॅलसच्या स्वतःच्या घरासाठी हाच दस्त केला होता. तो वडिलांसाठी तेच मागत होता, मनात काही काळंबेरं नव्हतं. फक्त तो दस्त चालतो तो टेक्सासच्या विधिमंडळाने तसा कायदा केला म्हणून. आपल्याकडे तसा कायदा नाही. इथे मृत्यूनंतर मालकी देणारा कागद मृत्युपत्रच ठरतो, वर शीर्षक काहीही असो आणि खाली कितीही रुपयांचा मुद्रांक असो.

दोन नावांची युक्तीही इथे तशी चालत नाही. बँकेच्या खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ लिहितात म्हणून लोकांना वाटतं घरावरही दोन नावं असली की एक गेल्यावर दुसरा मालक. तसं नसतं. दस्तात अगदी स्पष्ट उलट लिहिलेलं नसेल तर दोघांचा आपापला हिस्सा मानला जातो, आणि गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. आणि आज एकट्याच्या नावावर असलेल्या घरावर दुसरं नाव ‘चढवायचं’ तर तोही दस्तच, बहुतेक वेळा बक्षीसपत्र.

मसुद्यातली तीन वाक्यं

दस्तलेखकाने थोरल्याचं ऐकलं आणि ते प्रामाणिकपणे मराठीत उतरवलं. वर ‘बक्षीसपत्र’, घेणारा धाकटा मुलगा, चतुःसीमा जुन्या खरेदीखतातून उचललेल्या, आणि मधल्या पानावर ही तीन वाक्यं:

‘सदर घराचा ताबा व उपभोग माझ्या हयातीत माझ्याकडेच राहील. माझ्या मृत्यूनंतर सदर घर दान घेणार यांच्या पूर्ण मालकीचे होईल. मला वाटल्यास मी हा दस्त केव्हाही रद्द करू शकेन.’

पहिलं वाक्य ठीक आहे. बक्षीसपत्रात देणाऱ्याने आयुष्यभराचा उपभोग स्वतःकडे राखला म्हणून बक्षीस फुकट जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलं आहे. दस्त नोंदवलेला, दोन साक्षीदारांच्या सह्यांचा आणि देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारलेला असला की झालं, ताबा लगेच द्यायलाच पाहिजे असं नाही.

दुसऱ्या वाक्याने घोळ केला. मालकी आज जाणार की मृत्यूनंतर, यावर सगळं ठरतं. आज जात असेल तर बक्षीस, उपभोग मागे ठेवला तरी चालतो. मृत्यूनंतर जाणार असेल तर मृत्युपत्र. हा कागद वरून बक्षीस आणि पोटात मृत्युपत्र होता.

तिसरं वाक्य तर बक्षिसाच्या मुळावरच येतं. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम १२६: देणाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर रद्द होणारं बक्षीस तेवढ्यापुरतं शून्य असतं. टेक्सासच्या दस्ताची जी खरी सोय, हवं तेव्हा मागे घेण्याची, तीच इथे दस्ताला मारून टाकते.

म्हणजे गुरुजी गेल्यानंतर हा कागद बाहेर निघाला असता तेव्हा मुलीच्या वकिलाने म्हटलं असतं हे बक्षीस शून्य आहे, घर तिन्ही मुलांचं आणि आईचं. धाकट्याच्या वकिलाने म्हटलं असतं बक्षीस नसेल तर मृत्युपत्र समजा. दोन्ही युक्तिवाद करण्यासारखे आहेत, आणि तेवढ्यावर दिवाणी न्यायालयात दहा वर्षं आरामात निघतात. कोर्ट टाळण्यासाठी केलेल्या कागदात कोर्टाची सोय आधीच करून ठेवली होती.

मी हे सांगितलं तेव्हा गुरुजी पहिल्यांदा बोलले: ‘म्हणजे मी बक्षीस दिलं तर आजच मालक राहत नाही?’ त्यांना ते कोणी सांगितलंच नव्हतं.

नागपुरात प्रोबेट लागतं का

मुळात ज्या भुताला घाबरून हे चाललं होतं ते नागपुरात नव्हतंच.

भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मधल्या कलम २१३ आणि ५७ यांनी हिंदूंच्या मृत्युपत्राला प्रोबेट सक्तीचं केलं होतं ते ठरावीक जागांपुरतं: जुन्या बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या मुलखात, आणि मद्रास व मुंबई उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रात (जिथले दावे थेट उच्च न्यायालयात लागतात त्या भागात) केलेली मृत्युपत्रं, किंवा तिथल्या स्थावर मालमत्तेबद्दलची. या तरतुदीची मुळं १८७० च्या कायद्यात आहेत, आणि त्या काळी नागपूर मध्य प्रांताचं ठिकाण होतं. मुंबई राज्यात आपण आलो १९५६ मध्ये. उच्च न्यायालयाचं खंडपीठ सिव्हिल लाइन्सला आहे म्हणून मुंबईचाच नियम इथे, असं पुष्कळांना वाटतं. पण ते मूळ दिवाणी अधिकारक्षेत्र मुंबईपुरतं आहे, नागपूर त्यात येत नाही. दादरच्या मामांना प्रोबेट लागलं आणि मानेवाड्याच्या गुरुजींना लागलं नसतं, याचं कारण एवढंच.

(डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायदा करून कलम २१३ काढूनच टाकलं, त्यामुळे मुंबईतली सक्तीही गेली. हे प्रकरण घडलं तेव्हा ती होती.)

याचा अर्थ प्रोबेट वाईट, असा नाही. सक्ती नसली तरी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात ते मागता येतं, आणि एकदा मिळालं की मृत्युपत्राच्या खरेपणाबद्दल सगळ्या जगाविरुद्ध ते पुरावा ठरतं. घरात भांडण धुमसत असेल, कोणी सही खोटी म्हणणार याची खात्री असेल, तर मी स्वतःहून प्रोबेट घ्यायला सांगतो. आणि प्रोबेट नाही म्हणून मृत्युपत्र सिद्ध करावं लागत नाही, असंही नाही. वाद झाला तर किमान एक साक्षीदार न्यायालयात उभा करावाच लागतो.

खरं कारण

बैठकीत एक गोष्ट जुळत नव्हती. थोरल्याला स्वतःला घरात काही नको होतं. मग सगळं घर आताच धाकट्याच्या नावावर का? बाई गप्प होत्या. मुलीला बैठकीला बोलावलंच नव्हतं.

मी गुरुजींना आणि बाईंना वेगळं भेटलो. मग उलगडलं. धाकट्याला दुकान वाढवायचं होतं: मोठं डिजिटल प्रिंटिंग मशीन, फ्लेक्सचं काम. बँकेने तारणाला मालमत्ता मागितली आणि ती अर्जदाराच्या नावावर हवी म्हटलं. प्रोबेटची भीती थोरल्याची, कर्जाची गरज धाकट्याची, आणि दोघांची गाठ एकाच कागदावर पडलेली. यात लबाडी होती असं मला वाटत नाही. धाकटा आईवडिलांसोबत राहतो, दवाखाने तोच करतो. घर शेवटी आपल्याचकडे येणार असं त्याने धरून ठेवलं होतं.

गुरुजींचा हिशेब वेगळा होता. ‘वरचं त्याचं, दुकान त्याचं. पण मागच्या दोन खोल्या पोरीच्या. तिला भाडं नाही पायजे, माहेर पायजे.’ बाईंचं म्हणणं त्याहून छोटं: ‘हे गेल्यावर मले कोणी उठ म्हणू नये.’

हे ऐकल्यावर दस्ताचा प्रकार निवडणं सोपं झालं. माणूस काय द्यायला निघाला आहे हे न विचारता ‘बक्षीस करू की मृत्युपत्र’ हा प्रश्न विचारला की असे मसुदे तयार होतात.

कर्जाचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे गुरुजींनी जामीनदार होऊन घर तारण ठेवणं; मालकी हलवायची गरजच नाही. तो मी सुचवला. गुरुजींनी तिथल्या तिथे नकार दिला. घरासाठी घेतलेलं सोसायटीचं कर्ज निवृत्तीपर्यंत फेडलं, आता कोणाच्या कर्जात नाव नको. त्यावर आग्रह धरण्यासारखं काही नव्हतं.

दुकानापुरतं बक्षीस

ठरलं ते असं: फक्त दुकानाची खोली आणि तेवढा जमिनीतला अविभक्त हिस्सा धाकट्याला आज द्यायचा. बाकी घर गुरुजींच्या मालकीत ठेवून मृत्युपत्र करायचं.

इथे पैशाचा मुद्दा आला. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमात निवासी किंवा शेतीची मालमत्ता नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली तर शुल्क फक्त २०० रुपये. २०१५ पासूनची ही सवलत घरोघरी माहीत आहे, तिच्या कडा मात्र माहीत नसतात. जिवंत मुलाच्या बायकोला ती नाही. भावाला नाही. आणि व्यापारी गाळ्याला तर नाहीच. तिथे कुटुंबातल्या माणसाला द्यायचं तरी बाजारमूल्याच्या ३ टक्के, शिवाय महापालिका हद्दीचे अधिभार.

धाकट्याने लगेच तोड काढली: मंजूर नकाशात ती खोली निवासीच दाखवली आहे, तर दोनशेत भागवू. पण घरटॅक्सच्या आकारणीत तीच खोली वर्षानुवर्षं व्यापारी म्हणून लागलेली होती, शटर रस्त्यावरून दिसतं, आणि हा दस्त जाणार होता बँकेच्या वकिलाच्या टेबलावर. कमी मुद्रांकाचा दस्त पुराव्यात घेता येत नाही, सापडला तर फरकावर दरमहा दोन टक्के दंड बसतो. ज्या कागदावर कर्ज काढायचं तोच लंगडा करण्यात काय अर्थ? आम्ही मसुदा आधी अभिनिर्णयासाठी दिला, म्हणजे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून शुल्क ठरवून घेतलं, आणि तेवढं भरून मग नोंदणी केली. थोडे दिवस जास्त गेले, थोरल्याचं विमान त्याआधीच उडालं. त्याची सही कुठेच लागत नव्हती, त्यामुळे अडलं काही नाही.

दस्तात दोन गोष्टी मुद्दाम घातल्या. पहिली, जिन्याची. वर जाणारा जिना दुकानाच्या भिंतीला लागून आहे आणि मागच्या खोल्यांचा बोळही तिकडूनच. दुकानाचा मालक वेगळा झाल्यावर उद्या त्याने वा त्याच्याकडून घेणाऱ्याने बोळ बंद केला तर? म्हणून जिना, बोळ, बोअर आणि सेप्टिक टँक सामाईक राहतील हे नकाशासह लिहिलं, नकाशावर बोळाची रुंदी फुटांत टाकली. असल्या ओळी मसुद्यात कंटाळवाण्या वाटतात. घराचे हिस्से झाल्यावर भांडण बहुतेक वेळा यांच्यावरूनच होतं.

दुसरी, सांभाळण्याची अट. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ असं आहे की मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर, न्यायाधिकरण हस्तांतर शून्य ठरवून परत मिळवून देऊ शकतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जातो, दिवाणी दावा लावावा लागत नाही. पण अट दस्तात आहे हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं होतं. जानेवारी २०२५ च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा असं सांगितलं, तरी मी ती ओळ सोडायला सांगणार नाही. ‘प्रेमापोटी’ हा शब्द प्रत्येक बक्षीसपत्रात असतो. औषधपाणी, जेवण, निवास हे शब्द फार थोड्यांत असतात. धाकट्याला ती अट जरा लागली. ‘आमच्यावर भरवसा नाही का बाबा?’ गुरुजी म्हणाले, ‘भरवसा आहे म्हणून तर लिवतो. नसता तर दिलं नसतं.’

बँकेने पुढे कर्ज दिलं, पण मागितलं त्यापेक्षा कमी. कारण तेच, मंजूर नकाशात ती खोली निवासी. मुद्रांकाच्या टेबलावर जे दुकान होतं ते बँकेच्या टेबलावर खोली झालं.

बाकीचं घर मृत्युपत्रात का ठेवलं

उरलेलं घरही बक्षीस देऊन उपभोग राखता आला असता, आणि ते निवासी असल्याने दोनशे रुपयांची सवलतही होती. मी विरोध केला. गुरुजींना उद्या बायपास करावी लागली, पैशांसाठी घर विकायचं ठरलं, तर उपभोग विकत घ्यायला कोण येणार? दिलेलं बक्षीस मन बदललं म्हणून परत येत नाही. आणखी एक शक्यता घरात कोणी उच्चारत नाही ती अशी, की मुलगा वडिलांच्या आधी गेला तर. बक्षीस दिलेलं घर मग मुलाच्या वारसांचं होतं: त्याची बायको, मुलं आणि आई. गुरुजी स्वतःच्या घरात उपभोगापुरते, आणि मालक सून व नातवंडं. हे वाईटच होईल असं नाही, पण तसं व्हावं असं ठरवून कोणी बक्षीस देत नाही. मृत्युपत्र मात्र अखेरपर्यंत बदलता येतं.

थोरल्याने फोनवर एक शंका काढली, ती त्याच्या देशात रास्त आहे. अमेरिकेत वारसाने आलेल्या घराची करासाठीची किंमत मृत्यूच्या दिवशीच्या बाजारभावाला धरतात, बक्षिसाने आलेल्याची नाही. त्यामुळे तिथे दस्ताचा प्रकार निवडताना कर बघावा लागतो. आपल्या आयकर कायद्यात बक्षीस आणि वारसा दोन्हींत आधीच्या मालकाचीच खरेदी किंमत पुढे येते, आणि वडिलांनी मुलाला दिलेल्या बक्षिसावर घेणाऱ्याला कर नाही. कराने इथे पारडं कुठेच झुकत नव्हतं.

मृत्युपत्र असं झालं: गुरुजींनंतर बाईंना उरलेल्या सगळ्या घरात आयुष्यभर राहण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क, विकण्याचा नाही. बाईंनंतर वरचा मजला धाकट्याचा, मागच्या दोन खोल्या मुलीच्या, सामाईक जागा दस्तात होत्या तशाच. थोरल्याला घरात हिस्सा का नाही याचं कारण एका वाक्यात लिहिलं, त्याच्या शिक्षणाच्या खर्चाचा आणि त्याच्या स्वतःच्या इच्छेचा उल्लेख करून. कोणाला वगळताना कारण लिहिणं सक्तीचं नाही. पण न लिहिलेल्या कारणाच्या जागी प्रत्येक जण आपलं कारण भरतो.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. आम्ही नोंदवलं, कारण नागपुरात नोंदवलेलं मृत्युपत्र दाखवलं की टेबलावरचा माणूस निदान वाचायला घेतो. मी जास्त वेळ घालवला तो साक्षीदारांवर. गुरुजींच्या मनात त्यांचे समवयस्क दोन मित्र होते. त्यांच्याऐवजी चाळिशीतले फॅमिली डॉक्टर आणि गुरुजींचा एक जुना विद्यार्थी घेतला, दोघांनाही मृत्युपत्रातून काही मिळणार नव्हतं. साक्षीदाराने करणाऱ्यापेक्षा जास्त जगावं, हा त्याच्या निवडीचा पहिला निकष. डॉक्टरांनी त्याच दिवशीचं प्रकृतीचं प्रमाणपत्र दिलं. धाकट्याला त्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आवारातही येऊ दिलं नाही. ज्याला लाभ त्यानेच मृत्युपत्राची धावपळ केली की न्यायालय ते संशयाने तपासतं, हे १९५९ पासून ठरलेलं आहे. गुरुजींना ऑटोने विद्यार्थ्याने नेलं.

मुलीला मृत्युपत्रात काय आहे ते गुरुजींनी स्वतः घरी बोलावून सांगितलं. बहुतेक जण सांगत नाहीत.

काटोलची बाग

बागेला आम्ही दस्ताचा हात लावला नाही. दोन अडचणी होत्या. एक, ती वडिलोपार्जित, तिन्ही मुलांचा, मुलीचाही, त्यात जन्मापासून हक्क. अशा एकत्र मालमत्तेतला आपला अविभक्त हिस्सा बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये सांगितलेलं आहे. मृत्युपत्राने मात्र तो देता येतो. दुसरी, थोरला. परकीय चलन नियमांप्रमाणे ओसीआय कार्डधारकाला नातेवाइकाकडून घर वा फ्लॅट बक्षीस घेता येतो, शेतजमीन नाही. वारसाने आलेली शेतजमीन तो ठेवू शकतो. म्हणजे थोरल्याला बागेत काही मिळायचं तर दस्ताची वाटच बंद होती. मृत्युपत्रात एवढंच लिहिलं की बागेतला ‘माझा जो असेल तो हिस्सा’ तिघांना सारखा.

गुरुजी गेल्यावर

गुरुजी सप्टेंबर २०२४ मध्ये गेले. नामांतराचा अर्ज बाईंच्या आणि मुलांच्या नावाने केला, सोबत मृत्यूचा दाखला, नोंदवलेलं मृत्युपत्र, आरएल आणि दुकानाच्या बक्षीसपत्राचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा. एका कार्यालयाने अर्ज परत दिला: प्रोबेट जोडलेलं नाही. आम्ही दोन पानी लेखी म्हणणं दिलं, कलम ५७ चा मजकूर आणि मालमत्ता कुठे आहे एवढंच सांगणारं. ते मान्य झालं. मग नवी मागणी आली, सगळ्या वारसांची संमती आणा. कायद्याने ती लागते का यावर वाद घालता आला असता. मुलगी म्हणाली, वाद कशाला, मी उद्याच देते. तिचं प्रतिज्ञापत्र दुसऱ्या दिवशी तयार. वडिलांनी आधी सांगून ठेवल्याचा उपयोग इथे झाला.

थोरल्याचं मात्र ह्यूस्टनच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून यावं लागलं, त्यात अपॉइंटमेंट, कुरिअर, नावातल्या स्पेलिंगचा फरक, सगळं आलं. तो वैतागून फोनवर म्हणाला, टेक्सासमध्ये एवढं लागलं नसतं. खरं आहे. पण त्याचा मूळ मसुदा नोंदवला असता तर या वेळी तो संमतिपत्राऐवजी कोर्टातल्या दाव्यात जबाब पाठवत असता.

घराची नोंद झाली आहे. आखीव पत्रिकेवर दुकान वेगळं दिसत नाही, धाकट्याचं नाव सहहिस्सेदार म्हणून आहे, बाकी हिश्शावर बाईंच्या हयातीच्या हक्काचा शेरा. बाई गेल्यावर नवा दस्त करावा लागणार नाही. त्यांचा मृत्यूचा दाखला आणि हेच मृत्युपत्र पुरेल. बाईंनी मध्यंतरी विचारलं की मी माझंही मृत्युपत्र करू का. घराचं त्या करू शकत नाहीत, त्यांचा हक्क त्यांच्याबरोबर संपतो. दागिने आणि ठेवींचं करावं असं सांगितलं, त्या सुनेला विचारून कळवणार आहेत.

बागेचा फेरफार अजून व्हायचा आहे. सातबारावर गुरुजींच्या मयत चुलतभावाचंही नाव निघालं, आणि त्याच्या वारसांपैकी एक जण सावनेरला आहे एवढंच कळलं आहे.